कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून

माझ्या वडिलांचं, आबांचं, कोलेस्टेरॉल कधी खाली आलं नव्हतं. पंचाहत्तरीतही ते भरतावरचं तेल भाकरीनं निपटून खायचे. धुळ्याच्या लॅबचा रिपोर्ट आला की आठवडाभर त्यांना आमचे उपदेश ऐकावे लागत.

मागच्या हिवाळ्यात गोळी तीच, खाणं तेच, आणि आकडा जवळजवळ निम्मा. मी जळगावहून फोनवरच जाहीर केलं, मळ्यात भरीत पार्टी! आमच्याकडे आनंद झाला की वांगी भाजतात. सगळे जमायला मात्र तीन आठवडे गेले.

कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. सगळे पंगतीत मांडी घालून बसले, आबा एकटे खाटेवर, पायात मोजे. ताट अर्धं तसंच.

"आबा, भरीत नको?"

"पोट भरी गयं. माले काय व्हयेल नही."

मोजे न घालणारा माणूस मोजे घालून बसला होता. मी शहाणा, थंडी असेल म्हणालो. रिपोर्ट चांगला होता ना.

दुसऱ्या दिवशी आईला धुण्यात मोजा सापडला, पुवानं कडक झालेला. महिन्यापूर्वी पऱ्हाट्या गोळा करताना उजव्या पायाच्या अंगठ्यात खुंट घुसला होता. साखरेच्या जुन्या आजारामुळे पाय बधिर, त्यामुळे दुखलं कमी. आणि सांगितलं तर भरीत बंद होईल, या भीतीनं ते गप्प राहिले.

डॉक्टरांनी पाय पाहिला, मग रिपोर्ट. म्हणाले, "अंगात एवढा संसर्ग, एवढी सूज असली की कोलेस्टेरॉल उतरतं. या वयात आपोआप उतरलं तर कारण शोधायचं. पेढे वाटायचे नाहीत."

"भरीत केलं," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "रिपोर्ट आला तेव्हाच आणलं असतं, तर अंगठा वाचला असता."

अंगठा गेला, पाय राहिला. ते तीन आठवडे मी स्वतःला अजून माफ केलेले नाहीत.

जखम भरल्यावर पुन्हा रक्त तपासलं. आकडा जुन्या जागी चढला होता. लॅबच्या पायरीवर मला आनंदानं रडू आलं.

आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "वाढनं ना? आते भरीत बंद का?"

आणि उजवी चप्पल निसटू नये म्हणून पट्टा आवळायला वाकू लागले. मी त्यांना थांबवलं, खाली बसलो आणि तो आवळून दिला.