नसरीनचा रिपोर्ट

“पिशवीवर आधी तुमची सही करा ताई, मंग मी करते,” असं म्हणून नसरीननं मार्कर माझ्याकडे दिला.

मी सही केली. तिनं केली. लाखेचं सील लावताना माझं लक्ष तिच्या नखांकडे गेलं. स्वच्छ, पांढरी नखं. कोळशाच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढल्यावर माझ्या नखांच्या कडा काळ्याच झाल्या होत्या. लिंबू चोळलं तरी तो रंग जायचा नाही. पाच वर्षांपूर्वी तिचीही नखं तशीच होती. तेव्हा ती याच लॅबमध्ये माझ्या हाताखाली होती.

आमची खाण मारेगाव तालुक्यात होती. छोटीच. मी तिथे केमिस्ट. खाणीतला कोळसा जाळल्यावर किती उष्णता देतो ते मोजायचं आणि त्यावरून त्याची ग्रेड लावायची, हे माझं काम. ग्रेडवर भाव ठरतो. नसरीन शेख मारेगावचीच. तिचे अब्बा मोटारपंप दुरुस्त करायचे. बीएस्सी करून ती आमच्याकडे लागली तेव्हा तिला बॅलन्सवर एक ग्रॅम नीट तोलता येत नव्हतं. सगळं मी शिकवलं.

मग पेपरात जाहिरात आली. गुजरातेत समुद्राकाठी एका कंपनीचा गॅसवर चालणारा पॉवर प्लांट होता, तिथे केमिस्ट हवे होते. आम्ही दोघींनी अर्ज केला, दोघींना कॉल आला. मी गेले नाही. नवऱ्याची शाळा मारेगावात, सासूबाई नेरला एकट्या, अशी कारणं सांगितली. ती खरीही होती. पण मुख्य कारण हे की मला वाटलं, कोळसा काही संपत नाही. गॅसचं काय, आज आहे उद्या नाही. नसरीनलाही मी हेच ऐकवलं. ती गेली.

आता ती परत आली होती, ती ग्राहकाची माणूस म्हणून. तिच्या कंपनीचा एक कोळशावरचा प्लांट आमच्या बाजूला होता आणि आमचे निम्मे ट्रक तिथेच जायचे. त्यांची तक्रार अशी की कोळसा कागदावर एका ग्रेडचा आणि बॉयलरमध्ये त्याखालच्या ग्रेडचा निघतो. एरवी अशा तक्रारींना आम्ही फारशी दाद देत नव्हतो. पण दिवस बदलले होते. बाहेरदेशातल्या कोळशाचे भाव पडले होते, बंदरावर तो स्वस्त मिळत होता, त्यामुळे गिऱ्हाईक चोखंदळ झालं होतं. शिवाय त्यांना नवीन युनिट टाकायचं होतं. ते इथे आमच्या कोळशावर टाकायचं की तिकडे गॅसवर, हे ठरायचं होतं.

आमचे मॅनेजर देशकर साहेब मला एवढंच म्हणाले होते, “मॅडम, हे युनिट इथे आलं तर खाण दहा वर्षं चालेल. नाही आलं तर तुम्ही-मी दुसरीकडे अर्ज करू. पण बाहेर बसलेत ते कुठे करतील?”

बाहेर बसलेले म्हणजे ट्रकवर ताडपत्री बांधणारे. ती कापसाची वाईट वर्षं होती. आजूबाजूच्या गावांतली माणसं शेत बायकोवर सोडून सकाळी सातला आमच्या गेटवर यायची. कापूस हात देत नव्हता, ताडपत्री देत होती.

तर जॉइंट सॅम्पलिंग ठरलं. म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ट्रकांतून कोळसा काढायचा, कुटून त्याचा ढीग करायचा, ढिगाचे भाग पाडत नमुना लहान करत न्यायचा. शेवटी तीन पिशव्या. एक आमची, एक त्यांची, तिसरी सीलबंद. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर ती तिसरी बाहेरच्या लॅबला जाते आणि तिचा आकडा दोघांनी मुकाट्यानं मानायचा.

दुपारी जेवताना नसरीननं फोनवर प्लांटचे फोटो दाखवले. फरशी इतकी स्वच्छ की तिच्यावर डबा उघडून बसावं. राखेचा तलाव नाही, वॅगन नाही, कन्व्हेयर नाही. कंट्रोल रूममध्ये एसी. “थंडीत तं शाल घेऊन बसा लागते ताई,” ती म्हणाली. तिनं बढाई मारली नव्हती. तिला खरंच मला दाखवायचं होतं. मी म्हणाले, “बरं आहे,” आणि भाजी संपायच्या आत डबा बंद केला. त्या खुर्चीत मी असते, हा विचार मग दिवसभर डोक्यातून गेला नाही. तिला मीच शिकवलं होतं, हे तर आणखीच टोचत होतं.

जेवणानंतर आमची पिशवी मी तिच्यासमोर तपासली. उष्णता मोजायच्या यंत्राला बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात. नाव भारी, काम साधं. पोलादी डब्यात एक ग्रॅम कोळसा आणि ऑक्सिजन भरायचा. तो डबा पाण्याच्या बादलीत बुडवायचा. विजेनं आत आग लावायची आणि पाणी किती तापलं ते पाहायचं. आणि यंत्र खरं बोलतं की नाही हे पाहायला बेन्झोइक ॲसिडची गोळी असते. तिची उष्णता जगभर एकच ठरलेली. महिन्यातून एकदा ती जाळायची. ठरलेला आकडा आला तर यंत्र ठीक.

नसरीन बादलीकडे जरा वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “ताई, गोळी शेवटची कवा लावली होती?”

“मागच्या महिन्यात,” मी म्हणाले.

खोटं होतं. सहा महिने लावली नव्हती. कामाचा रेटा होता, माणसं कमी होती, हे सगळं खरं. पण तिला ते सांगणं मला जमलं नाही. काल मी जिला पिपेट धरायला शिकवलं तिनं आज मला गोळी विचारावी? ती गेल्यावर मी रजिस्टर काढलं आणि मागच्या महिन्याच्या रकान्यात एक आकडा लिहून टाकला.

आठवड्यानं दोन्ही रिपोर्ट समोर आले. माझा आकडा आमच्या ग्रेडमध्ये बसत होता, तिचा एक ग्रेड खाली. साहेबांनी मला बोलावलं.

“कोण चुकतंय?”

“पाच वर्षं ती गॅसवर आहे साहेब. कोळशाचा हात गेला असेल तिचा.”

साहेबांनी थोडा विचार केला. “पिशव्यांजवळ ती एकटी होती का कधी?”

मला फोन आला होता म्हणून मी दहा मिनिटं बाहेर गेले होते. तेव्हा पिशव्या सीलबंद झाल्या नव्हत्या. मी म्हणाले, “होती. दहा मिनिटं.”

हे वाक्य शब्दशः खरं होतं. बारा वर्षांत मी त्याच्याएवढं खोटं काही बोलले नाही. तिथे तेव्हा आमचा अटेंडंट किसनभाऊ आत्रामही बसला होता, हे मी सांगितलं नाही. साहेबांनी विचारलंही नाही. त्यांनी तिच्या कंपनीला पत्र पाठवलं: आपल्या प्रतिनिधीनं नमुन्यात फेरफार केल्याची शंका आहे, तिसरी पिशवी तपासणीला पाठवत आहोत.

खोटं कशाला बोलू, पत्र गेलं त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. घरी जाऊन मी पुरणपोळ्या केल्या. नवऱ्यानं विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही.

चौथ्या दिवशी नसरीनचा फोन आला. मी उचलणार नव्हते, पण उचलला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. कंपनीनं तिला कामावरून बाजूला बसवलं होतं. तिसऱ्या पिशवीचा रिपोर्ट येईपर्यंत लॅबमध्ये यायचं नाही, असं सांगितलं होतं. अब्बांना अजून कळवलं नाही, म्हणाली.

“ताई, एक सांगू? रागावू नका. तुमची बादली नवीन हाय नं?”

“हो. जुनी सहा महिन्यांपूर्वी फुटली.”

“नवी बादली बारीक हाय. अन रेघ तुमी जुन्याच उंचीवर मारली. त्यात पाणी कमी मावते. मी तीन वर्षं धुतली जुनी बादली, मले दिसलंच ते.”

“मग तेव्हा काहून नाही बोलली?”

“किसनभाऊ होते, तुमचे साहेब दारात उभे होते. त्यांच्यासमोर कशी सांगू तुमाले? वाटलं, गोळीचं विचारलं की तुमच्या ध्यानात येईन.”

फोन ठेवून मी लॅबमध्ये गेले. पाणी दरवेळी वजन करून घ्यायचं असतं. मी वेळ वाचवायला बादलीवर खिळ्यानं रेघ ओढली होती. रेघेपर्यंत पाणी भरलं आणि तोललं. अर्धा कप कमी. कमी पाणी जास्त तापतं, हे स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मग गोळी जाळली. आकडा वर गेला होता, बरोबर एका ग्रेडला पुरेल इतका. किसनभाऊ आकडा वाचत होता. तो वर न बघता म्हणाला, “सहा महिन्यांचे सगळे रिपोर्ट असेच गेले असन मॅडम.”

मी स्टुलावर बसले. तुम्हाला वाटेल की मला लाज वाटली. ती नंतर वाटली. आधी वाटला तो हेवाच. नोकरी चांगली, नखं चांगली, नजर चांगली, आणि आता मनही माझ्यापेक्षा चांगलं. माझ्याकडे काय ठेवलं हिनं?

बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट यायला अजून तीन दिवस होते. गप्प राहिले असते तर तिची सुटका तशीही झाली असती, आणि माझी चूक “दोन लॅबमधला फरक” म्हणून खपली असती. असे फरक होतात, कोणी खोलात जात नाही. पण तिच्यावरची फेरफाराची शंका कागदावर तशीच राहिली असती. मी रजिस्टर उचललं आणि साहेबांकडे गेले. बादली सांगितली, खोटी नोंद दाखवली, किसनभाऊ तिथे होता हेही सांगितलं.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, “हे तीन दिवसांनी, प्रकरण मिटल्यावर कळलं असतं तर मी तुम्हाला वाचवू शकलो असतो.”

“तिला कोणी वाचवलं असतं साहेब?”

त्यांनी पत्र मागे घेतलं. माफीचा मजकूर मलाच टाइप करायला लावला. तिसऱ्या पिशवीचा आकडा नसरीनच्या आकड्याला लागूनच आला. माझी इन्क्रिमेंट थांबली आणि बदली काट्यावर झाली, म्हणजे ट्रक तोलायला. दोन वर्षं मी तिथे होते. ताडपत्रीवाले काट्याशेजारीच सावलीला बसत, रोज विचारत, “मॅडम, ते नवीन युनिट होऊन राह्यलं का नाही?”

झालं नाही. ते गुजरातेत गॅसवर गेलं. मला वाटत होतं, माझ्यामुळे गेलं. पुढे साहेबांनी त्या कंपनीचं पत्र मला वाचायला दिलं. राख टाकायला जागा नाही, पाणी कमी, बंदरावरचा कोळसा स्वस्त, गॅस सोपा, अशी पानभर कारणं होती. आमच्या ग्रेडचा उल्लेख शेवटी, अर्ध्या ओळीत. जुन्या प्लांटनंही हळूहळू बाहेरचा कोळसा घेतला. खाण चार वर्षांत बंद झाली. ताडपत्रीवाले कोणी यवतमाळला ऑटो चालवायला गेले, कोणी पुन्हा कापसाकडे.

नसरीन तिथे सीनियर झाली. ईदला फोन करते. त्या पत्राबद्दल तिनं कधी विचारलं नाही, आणि मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, जाऊ द्या ताई, भाचीचं लग्न ठरलं, ते ऐका.

हेवा गेला का? नाही. तिचा फोन आला की पहिली दोन मिनिटं अजून टोचतं. आता मी चंद्रपूरकडच्या एका लॅबमध्ये आहे. ज्याचा आपल्याला हेवा वाटतो अशा माणसाचा रिपोर्ट टेबलावर आला, तर मी तो तपासत नाही. शेजारच्या टेबलावर सरकवते आणि सांगते, हा तुम्ही बघा. कारण कोणी विचारलं तर डोळे दुखतात म्हणते.