‘गलाई’चं मी लिहिलेलं परीक्षण

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे, तेही तिनं स्वतः ओळखलं म्हणून. तीन वर्षं मी टाळत आलो. कधी म्हटलं, पुढच्या आठवड्यात लिहू. कधी म्हटलं, आता सांगून काय होणार? काही होणार नाही, हे खरंच आहे. तरी लिहितो.

आधी दत्ताबद्दल सांगायला हवं. नाही, आधी माझ्या कानाबद्दल.

विट्याच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं आणि सोबत सांगलीच्या एका दैनिकात गाण्यांवर, नाटकांवर लिहीत राहिलो. ‘सरांचा कान’ म्हणून लोक नाव घेत. शेवटच्या बाकावरच्या पोरानं ‘श’च्या जागी ‘स’ म्हटला तरी मी पुस्तकातून मान वर न करता त्याला उभं करायचो. या कानाचा मला फार अभिमान होता. माणसाला आणखी कशाचा असतो — जे आपल्याकडे आहे असं गाव म्हणतं, त्याचाच ना?

दत्ता माझा विद्यार्थी. पुढं तो ‘फुफाटा’ या नावानं रॅप करू लागला. त्याच्या पहिल्या अल्बमवर कोणी दोन ओळी लिहायला तयार नव्हतं, तेव्हा मी लिहिलं होतं, ‘या पोराचा एकही शब्द वाया जात नाही.’ ते वाक्य त्यानं वीस वर्षं आपल्या प्रत्येक पोस्टरवर छापलं. सांगली-साताऱ्यातली पोरं त्याच्यामागं वेडी झाली. तो ओरडायचा, आणि मैदान त्याच्याबरोबर ओरडायचं.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यानं ‘गलाई’ हा अल्बम काढला. आमच्या विट्याची माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यासाठी, देशभर पांगलेली आहेत. दत्ताचे वडील, अण्णा, त्यांतलेच. चाळीस वर्षं कोइमतूरला भट्टीपुढं बसले. तेजाबाच्या वाफेनं त्यांचा घसा गेला. बोलले तर कुजबुजल्यासारखं. अख्खा अल्बम त्यांच्यावर होता, आणि दत्तानं तो त्यांच्यासारखाच म्हटला होता. खालच्या आवाजात, जवळ बसून सांगावं तसा.

हे मला आता माहीत आहे. तेव्हा काय माहीत होतं?

तेव्हा एवढंच माहीत होतं की चारच महिन्यांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर एक आलेख ठेवला होता. रेघ उजवीकडं घसरत गेलेली. “सर, स, श, त, क — ही अक्षरं तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. मशीन लावा.” मी तो कागद घरी आणला आणि शब्दकोशात घालून ठेवला. मशीन लावलेला समीक्षक? लोक काय म्हणतील? घरात बायको म्हणायची, “अहो, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, शेजारीण विचारायला आली, आणि तुम्ही तिथंच बसलाय पुतळ्यासारखे!” मी म्हणायचो, लिहिण्यात गुंग होतो.

दत्तानं अल्बम पाठवला, सोबत गाण्यांचे शब्द छापलेली वही. वही मी उघडली नाही. मी ऐकून लिहितो, वाचून नाही, ही माझी जुनी मिजास. इअरफोन घातले, आवाज पूर्ण वाढवला. ढोलाचा दणका आला. त्याच्यामागं नुसती घरघर. पुन्हा लावलं. पुन्हा घरघर.

मला ठाऊक होतं, दोष कुठं आहे. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे. मला ठाऊक होतं.

आणि मी छापायला दिलं, ‘फुफाट्याची जीभ जड झाली आहे. तो आता शब्द गिळतो.’

पुण्याच्या समीक्षकांनी ते उचललं. ‘सांगलीच्याच एका जाणत्यानं म्हटल्याप्रमाणे’ वगैरे. चाहते आधी माझ्यावर तुटून पडले. आठवड्यात त्यांनाही शब्द कमी ऐकू यायला लागले. “दादा, खडीसाखर खा.” “फुफाटा विझला रं.” सांगलीच्या कार्यक्रमात त्यानं ‘गलाई’तलं पहिलं गाणं सुरू केलं, तर पोरं ओरडली, “आवाज! आवाज!” त्यानं ते गाणं अर्ध्यात सोडलं आणि जुनी गाणी ओरडून म्हटली. अण्णा पहिल्या रांगेत होते.

चार दिवसांनी तो माझ्याकडं आला, निवृत्तीनंतर घेतलेल्या सांगलीच्या घरी. सकाळची वेळ. व्हरांड्यात, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. त्याच्या तोंडावर ऊन.

“सर, भांडायला आलो न्हाई,” तो म्हणाला. “अण्णांनी जेवण टाकलंय. म्हणत्यात, माज्या पायी तुजं नाव बुडालं. तुमी एकदा समोर ऐका. शब्द कळत्यात का न्हाई, एवढंच सांगा. तुमी व्हय म्हणलासा तर अण्णा ऐकतील. दुसऱ्या कुणाचं न्हाई ऐकायचे.”

आणि त्यानं गाणं म्हटलं. नुसतं तोंडानं, त्याच आवाजात.

तीस वर्षं मी पोरांच्या ओठांकडं, जिभेकडं बघत उच्चार शिकवले होते. त्याचे ओठ माझ्यापासून दोन हातांवर होते. मला ओठांवरून एकूण एक शब्द कळला. बाप भट्टीवरून उठतो, पोराचा पापा घ्यायला वाकतो आणि हाताला तेजाबाचा वास येतो म्हणून हात मागं घेतो. सगळं कळलं. एकही शब्द वाया गेला नव्हता.

तो थांबला. माझ्याकडं बघत राहिला.

काय अवघड होतं? “व्हय” म्हणायचं होतं. पण मग, इतकं स्वच्छ कळतंय तर असं का लिहिलंत, हा प्रश्न आला असता. आणि त्याचं उत्तर शब्दकोशात घडी घालून ठेवलेलं होतं.

मी म्हणालो, “नाही रे दत्ता. तुटतात शब्द.”

तो उठला. माझ्या पाया पडला आणि गेला.

अण्णा पुढच्या वर्षी वारले. तोवर बायकोनं शब्दकोशातला कागद शोधून काढून माझ्यासमोर ठेवला होता. मशीन कानात बसलं होतं. ‘गलाई’ मी पूर्ण ऐकला होता. वही उघडून ताडूनही पाहिला.

मी विट्याला भेटायला गेलो. एसटीत वाक्य पाठ करत होतो. पडवीत चार-सहा माणसं बसलेली. दत्ता पुढं आला, माझा हात धरला आणि त्याची नजर माझ्या कानावर गेली. मशीनवर. तिथंच थांबली. मग माझ्या डोळ्यांत आली.

त्याला कळलं. मला दिसलं, त्याला कळलं ते.

ज्यानं भर मैदानात ‘गलाई’साठी आवाज चढवला नाही, त्यानं बापाच्या सुतकात माझ्यासाठी आवाज चढवला. एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं म्हणाला, “सर — बसा. पाणी — घ्या.”

मी बसलो. पाणी प्यालो. “तब्येतीला जप,” म्हणालो आणि साडेतीनची गाडी धरून परत आलो.

पाठ केलेलं वाक्य असं होतं, ‘दत्ता, तुझे शब्द स्पष्ट होते. मलाच ऐकू येत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं. माझं चुकलं.’