फी किती, पगार किती, आणि कुंदाबाई

मी दोन वर्षांसाठी पुण्याला शिकायला निघाले, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या मूल गावच्या स्टँडवर गाडी लागली. बाबांनी माझी पेटी वर चढवली, माय डोळे पुसत राहिली आणि कुंदाबाईनं माझी ओढणी धरून ठेवली. कुंदाबाई माझी मोठी बहीण, जन्मापासून ऐकू न येणारी. किती दिवसांनी येशील, हे तिनं आमच्या घरच्या खुणेनं विचारलं. गालाखाली तळहात घेऊन झोपायचं आणि बोटं मोजायची. दोन वर्षांच्या झोपा मी कशा दाखवणार? दहा बोटं दाखवली आणि गाडीत चढले. अकराव्या दिवशी पुण्याला मायचा फोन आला, "सकाळपासून स्टँडवर जाऊन बसली आहे ते. काऊन खोटं सांगितलं व तिले?"

पिंके, तू माझी मामेबहीण, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचलीस. परवा व्हॉट्सॲपवर विचारलंस, "ताई, स्पेशल बी.एड. करू का? फी किती, पगार किती?" विचारून मोकळी! जसं काही बाजारात वांग्याचा भाव विचारून राह्यली.

तर ऐक. ऐकू न येणाऱ्या पोरांना शिकवायच्या या डिग्रीची दोन वर्षांची फी, खोलीचं भाडं आणि मेस यांत बाबांची राइस मिलमधली दोन वर्षांची मजुरी गेली, वरून मायची सोन्याची पोत गहाण. ती पोत मी अजून सोडवून दिलेली नाही. आयटीआय करून पावर हाऊसमध्ये लागलेला आपला मावसभाऊ राजू आजही माझ्यापेक्षा जास्त कमावतो, आणि दर दिवाळीला न विसरता मला ते ऐकवतो, मेला. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत जागा निघतात, पण कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, गावोगाव पोरांच्या घरी जाऊन शिकवायचं आणि गाडीत पेट्रोल आपलं. म्हणून मी पुण्यातच ऐकू न येणाऱ्या पोरांच्या शाळेत राहिले. लाज वाटते सांगायला. डिग्री घेतली कुंदाबाईकडे बघून, आणि कुंदाबाई मूलमध्येच तांदूळ निवडत बसलेली.

तिच्या लहानपणी चंद्रपूरहून एक मास्तर घरी आले होते. अशा पोरांची शाळा आहे, राहायची सोय आहे, पैसा लागत नाही, असं समजावून सांगत होते. बाबा म्हणाले, "पोर परक्याच्या हाती कशी देऊ जी? पोट दुखलं तर कोणाले सांगन?" मास्तर चहा पिऊन निघून गेले. बाबांचा जीव तिच्यात होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. तिला कधी कोणी रागावलं नाही, पाण्याचा हंडा उचलू दिला नाही, एकटीला बाजारात सोडलं नाही.

यंदा संक्रांतीनंतर माय तिला घेऊन पुण्याला आली. मी दोघींना शाळा दाखवायला नेलं. पहिलीच्या वर्गात पोरं हातवारे करत एकमेकांच्या खोड्या काढत होती. कुंदाबाई दारातच थबकली. मग आत गेली आणि सगळ्यात लहान पोरीजवळ उभी राहिली. त्या पोरीच्या डोक्याच्या उंचीवर हात धरून तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग बाकाकडे दाखवलं, आणि रिकामे तळहात आमच्यापुढे धरले.

मी एवढी होते तेव्हा मला इथं का नाही आणलं?

मायला कळलं. "सांग न व तिले, आमी जीव लावला म्हून नाई पाठवलं," माय रडत म्हणाली. मी खुणेनं सांगितलं, जमेल तसं. कुंदाबाईनं समजून घेतलं, मान हलवली आणि त्या पोरीशेजारी बाकावर जाऊन बसली. एकतीस वर्षांची बाई, गुडघे बाकाला अडकलेले. शाळा सुटली तरी उठेना. मी ओढलं तर माझ्या हातावर फटका दिला, जन्मात पहिल्यांदा. बयो, मला इतका आनंद झाला की विचारू नको.

माय एकटीच परत गेली. गाडीत बसताना म्हणाली, "राहू दे तिले. आता मी नाई अडवत." कुंदाबाई माझ्या खोलीत राहते. सकाळी शाळेत लहान पोरांना डबे उघडून देते, दुपारी त्यांच्यातच बसून शिकते. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला थोडं मानधनही धरलं आहे.

तेव्हा पिंके, पगाराकडे बघून करणार असशील तर नको करू, राजूला विचार आणि आयटीआय कर. पण तुझ्या गल्लीत एखादी कुंदाबाई अजून लहान असेल, तर कर, आणि शिकून तिकडेच राहा. मी राहिले नाही, ते मला खुपतं.

घरची आठवण येते का, हेही तू विचारलंस. येते ना. पण मूलच्या घरात आम्ही सगळ्यांनी कुंदाबाईवर माया केली, तिच्याशी भांडलं मात्र कोणी नाही. काल मी तिला न विचारता तिची नवी चप्पल घालून गेले. आल्यावर तिनं दार लावलं आणि अर्धा तास दोन्ही हातांनी मला फाडून खाल्लं. मीही सोडलं नाही. शेवटी दोघी दमलो, भाताचा कुकर लावला आणि मला वाटलं, आता घरी आलो.