ओळीनंतरची रिकामी जागा

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ जागोजागी चुकलं असेल, त्याची माफी आधीच मागते. मी चौथीपर्यंत शिकले, तेही हिंदीतून. मराठी लिहायला आलं ते विहारात गाण्याच्या ओळी उतरवता उतरवता.

आम्ही खुर्सीपारला राहतो, हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्याच्या वस्तीत. दर रविवारी विहारात आमच्या मंडळाच्या बाया जमतात आणि आपणच जोडलेली गाणी म्हणतात. मी ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती धरायची, ही आमची रीत. त्या धरतात तेवढ्यात मी श्वास घेते, पदर सारखा करते, पुढची ओळ आठवते. चार माणसांत बोलायला माझी जीभ उचलत नाही. गाताना मात्र भीती वाटत नाही, कारण पाठीमागे सगळ्या असतात.

भिशी सांभाळणाऱ्या मावशीच्या मनात आलं, जयंतीला आपल्या गाण्यांचा अल्बम निघावा. एका पाळीची भिशी बायांपैकी कोणीच उचलली नाही, ती सगळी स्टुडिओला दिली. एकीनं तर कूलरसाठी ठेवलेले पैसेही त्यात घातले.

"तुहा आवाज पुढं, आमचा मांगं," मावशी म्हणाली. "पण आमाले गायब नको करू वं माय." सगळ्या हसल्या. मीही हसले.

सुपेल्याच्या बाजारात एका दुकानाच्या वर स्टुडिओ होता. मला एकटीला काचेच्या खोलीत उभं केलं. सवयीनं मी प्रत्येक ओळीनंतर थांबायची. मशीनवर बसणारा म्हणाला, थांबत जा, तिथे बायांचा आवाज भरू. दुसऱ्या दिवशी बाया आल्या. त्यानं सगळ्यांना बांगड्या काढायला लावल्या, तेव्हा एकजण म्हणाली, "गाणं म्हणून राहिलो का एक्सरे काढून राहिलो?" खूप मजा आली त्या दिवशी.

मग त्यानं मला एकटीला बोलावलं. "दीदी, कोरस बेसुरा है. खाँसी भी आ रही है. हटा दूँ? आपकी आवाज़ अकेली ज़्यादा अच्छी लगती है." त्यानं दोन्ही तऱ्हेनं ऐकवलं. "मंडल से पूछ लिया ना?"

मी मान हलवली. विचारलं कोणालाच नव्हतं.

बरेच दिवस मी मनाला सांगितलं की लाजेमुळे 'नाही' म्हणता आलं नाही. पण भाजीवाल्याला मी नाही म्हणते. खरं हे की तो एकटा आवाज मला आवडला होता.

जयंतीला विहारात स्पीकरवर अल्बम लावला. पहिली ओळ संपली आणि बायांनी सवयीनं ती धरली. स्पीकर गप्प, फक्त यांचेच आवाज. त्यांना वाटलं, पुढे येईल. दुसरी ओळ धरली. तिसरीला निम्म्या थांबल्या. मग ओळ संपली की नुसती पंख्याची घरघर ऐकू यायची.

"आमी कुठी आहो वं यात?" कूलरवालीनं विचारलं.

"मशीनवाल्यानं काढलं असंन," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो, त्यानंच," मी म्हणाले.

काही दिवसांनी नागपूरच्या एका पेपरात अल्बमवर लिहून आलं. मावशीनं तो रविवारी आणला आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतला. लिहिणाऱ्याला रेकॉर्डिंग आवडलं नव्हतं, गाणी साधी वाटली होती. पण माझ्याबद्दल त्यानं चांगलं लिहिलं होतं. ही गायिका प्रत्येक ओळीनंतर थांबते, त्या थांबण्यात मोठं एकटेपण आहे, अशी समज शिकवून येत नाही, असं. "पहा वं, तारीफ छापून आली," म्हणत ती वाचत होती. त्या वाक्यापाशी तिचा आवाज हळू झाला. तिनं चष्मा काढला.

"ही थांबायची जागा तं आमची होती ना?"

मी म्हणाले, "त्यानं मले विचारलं होतं. मीच हो म्हटलं."

"कावून?"

"एकटा आवाज चांगला वाटला मले."

मावशीनं पेपरची घडी केली. त्या दिवशी गाणी झाली नाहीत. पुढच्या रविवारी दुसरीनं ओळ म्हटली आणि मी मागे दाराजवळ बसले. कोणी मला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

बायांचे स्टुडिओत गेलेले पैसे फेडायचे म्हणून मी कारखान्यात ठेक्यावर काम करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी डबे करायला लागले. पहिले पैसे घेऊन गेले तेव्हा मावशी म्हणाली, "पैशे कोण मागून राहिलं तुले?" तरी मी ठेवून आले. कूलरवालीला तिचे सगळ्यात आधी दिले. तिनं घेतले, पण आत ये, बस म्हणाली नाही. दोन उन्हाळे गेले. पेपरातलं ते वाक्य मला पाठ झालं होतं आणि भाकऱ्या थापताना आपोआप तोंडात यायचं. मग मी तवा वाजवायची.

काल शेवटचे पैसे घेऊन गेले. मावशी ओट्यावर वटाणे सोलत होती. मी विचारलं, "रविवारी पुढं बसू का?"

"मांगंच बस," ती वटाण्यांकडे पाहत म्हणाली. "ओळ धरायले बाया कमी पडून राहिल्या."

मी हो म्हणाले. तिनं हात पदराला पुसले, नोटा दोनदा मोजल्या, भिशीच्या डब्यात टाकल्या आणि झाकण दाबलं.

"झाले पुरे," ती म्हणाली.