उपासाच्या वारी न दिसलेलं दुखणं

आमचा आठवडा गिऱ्हाइकाच्या उपासावर चालतो. रविवार, बुधवार, शुक्रवार हे मासळीचे वार. सोमवारी आणि गुरुवारी बोरिवलीतली निम्मी घरं मासळीला हात लावत नाहीत, म्हणून आम्हा कोळणींची लग्नाची खरेदी, मुलांच्या शाळेतल्या बैठका आणि दवाखाने, सगळं त्या दोन वारांत बसवलेलं असतं. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. दुखणं दुसरं कुठलं असतं तर अजूनही वाटलं नसतं.

सुरुवात डाव्या पापणीपासून झाली. दुपारनंतर ती खाली यायला लागली. मग जीभ जड व्हायला लागली. सकाळी मी बाजारात ओट्यावर बसून गिऱ्हाइकाशी नेहमीसारखी घासाघीस करायचे आणि संध्याकाळी ‘पापलेट’ म्हणताना शब्द तोंडातच लोळायचा. मोठी सुरमई कापायची वेळ आली की कोयता उचलवत नसे. कोळणीची जीभ थकली तर तिने विकायचं कसं? गिऱ्हाईक शेजारच्या ओट्याकडे वळायचं. त्या ओट्यावरची बाई एकदा माझ्या देखत दुसरीला म्हणाली, हिची हल्ली दुपारपासूनच सुरू होते. काय सुरू होते ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

ही बातमी माझ्या आधी गोराईला पोचली. मी बोटीने खाडी ओलांडून घरी आले, तर नवरा बोलण्याच्या निमित्ताने जवळ आला आणि त्याने माझ्या तोंडाचा वास घेतला. तो वाईट माणूस नाही. टेम्पो चालवतो, बंदरावरून माल आणतो, घरात आवाज चढवत नाही. पण वास घेतला तो घेतलाच. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर जीभ अडखळली असती.

सासू जास्त सरळ होती. तिने एवढंच विचारलं, “जमत नसेल तर सांग गो बाय. ओटा धाकटीला देऊ.”

ओटा तिचा. तिला तो तिच्या सासूकडून मिळाला होता आणि माझ्याकडे ठेवायचा की धाकट्या जावेला द्यायचा हे तीच ठरवणार होती. मी पीत नाही आणि कामचुकारही नाही, एवढं मला दाखवून द्यायचं होतं. त्यासाठी आजार सापडायला हवा होता.

डॉक्टरकडे जायचं म्हटलं की आमच्यात माणूस सणाला निघाल्यासारखं निघतं. सोमवारी उशिरापर्यंत झोपायचं, डोक्यावरून आंघोळ करायची, कडक इस्त्रीची साडी, अंबाड्यात गजरा. मासळीच्या वासाची आम्हाला लाज नाही. पण दवाखान्यात शेजारचं माणूस नाकाला रुमाल लावून उठून गेलं की डोकं फिरतं, आणि फिरल्या डोक्याने डॉक्टरपुढे बसू नये असं सासूचं मत. तेव्हा मी अशी टवटवीत होऊन पोचायचे आणि सांगायचे, पापणी पडते, जीभ जड होते. डॉक्टर बघायचे तर पापणी जागेवर आणि जीभ खणखणीत.

एकाने विटामिनची इंजेक्शनं दिली. डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे छान आहेत म्हणून सांगितलं. मेंदूचा एमआरआय काढला, तोही स्वच्छ. एका डॉक्टरने चष्मा काढून, आवाज खाली आणून विचारलं की घरात सासूशी पटतं का. सासू शेजारच्याच खुर्चीवर होती. पटतं, असं उत्तर तिनेच दिलं. त्यांनी प्राणायाम करायला सांगितला.

मग श्रावण आला. महिनाभर बाजार ओस असतो, त्यामुळे मी घरीच होते. थोड्याच दिवसांत पापणी वर राहायला लागली, बोलणं स्वच्छ झालं. सासूने आळीभर सांगितलं, काम नाही तर दुखणं नाही. मला चीड आली, पण ते खरं होतं. रिकामी बसले की मी बरी असायचे. हळूहळू माझाच माझ्यावरचा विश्वास उडायला लागला. आपण नाटक करतोय आणि ते आपल्यालाच कळत नाही, असं तर नसेल? त्या विचाराने मी जेवढी घाबरले, तेवढी पापणीने कधी घाबरवली नव्हती.

गणपती गेले, धंदा सुरू झाला आणि पापणी पुन्हा उतरली. कुणीतरी मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. मी सवयीने गुरुवार घेतला. पण आदल्याच दिवशी, बुधवारी भर धंद्यात त्यांच्या दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर उद्यापासून बाहेरगावी आहेत, आज संध्याकाळी या, नाहीतर पुढच्या महिन्यात. मी नाही म्हणणार होते. बुधवारी ओटा सोडून कोण जातं? पण त्या दिवशी सकाळीच सासूने जावेला बाजारात आणून माझ्या शेजारी बसवलं होतं, शिकून घे म्हणून. मी कोयता जावेच्या हातात दिला आणि नवऱ्याला टेम्पो काढायला सांगितलं.

आंघोळ नाही, साडीच्या काठाला खवले चिकटलेले. शेजारचं माणूस अपेक्षेप्रमाणे उठून गेलं. डॉक्टरीणबाईंना काही सांगायला गेले तर शब्द लोळले. त्यांनी मला थांबवलं आणि नजर खाली न आणता छताकडे बघत राहायला सांगितलं.

मी बघत राहिले. पापणी बरी कर म्हणून मी एकवीरा आईला काय काय कबूल केलं होतं. त्या खुर्चीत बसून पहिल्यांदाच उलटं मागितलं. आई, पडू दे. आत्ता, हिच्यासमोर पडू दे.

ती पडली. हळूहळू, अर्धा डोळा झाकेपर्यंत. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला इकडे येऊन बघायला सांगितलं. मग त्यांनी बर्फ मागवला. दवाखान्यात बर्फ नव्हता, तो नवऱ्याने टेम्पोतून आणला. रबरी हातमोज्यात भरून त्यांनी तो माझ्या पापणीवर धरला. काढला तेव्हा पापणी बरीच वर आली होती. त्या म्हणाल्या, नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, गारव्याने थोडा वेळ पोचतो. वापर होईल तसे स्नायू थकतात, विश्रांती मिळाली की सुधारतात. रक्ताची तपासणी झाल्यावर नक्की सांगू, पण मला शंका नाही. आजार बहुतेक जन्मभर राहील, गोळ्यांनी ताब्यात ठेवता येईल.

“आजवर संध्याकाळी का दाखवलं नाहीत?” त्यांनी विचारलं.

“संध्याकाळी धंदा असतो,” मी म्हटलं.

परतीच्या बोटीत नवरा तोंड फिरवून रडत होता. मला आनंद झाला होता, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही.

घरी सासूने सगळं ऐकून घेतलं. मग तिने मला नाही, मुलाला विचारलं, “म्हणजे ही खरं सांगत होती?”

तो हो म्हणाला. ती उठली, तिने माझं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. घास चावता चावता माझा जबडा थकतो, हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. एवढ्यावरच विश्वास नाही, त्यात आणखी भर कशाला, म्हणून. अर्धपोटी उठायचे. त्या दिवशी सांगितलं. मग थांबत थांबत जेवले, आणि ताट रिकामं होईपर्यंत सासू आणि नवरा, दोघंही उठली नाहीत.