पिल्लांचं उष्टावण

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिडकोतल्या आमच्या जिन्याखाली एक भटकी कुत्री व्यायली आणि आईनं तिचं बाळंतपणच काढलं. गुळाचा शिरा काय, दूध-पोळी काय! मला आजारपणातही कधी इतका शिरा मिळाला नव्हता, आणि हे मी तेव्हाच बोलून दाखवलं होतं.

पिल्लं दुडूदुडू चालायला लागल्यावर आई म्हणाली, "आता यांचं उष्टावण करायला हवं." बाळाला पहिला घास भरवतात, तसं. ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी आली. पिल्लांनी त्यात पाय घातले, शिंकली आणि तिथंच लोळत पडली. सगळ्यात धाकटं तर वासही घेईना. दांडगी भावंडं त्याला कुत्रीचं दूध पिऊ देत नव्हती, त्यामुळे त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. यानं खाल्लं नाही तर हे काही जगत नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

कुत्री मात्र यायची, ताटली चाटूनपुसून साफ करायची आणि कोपऱ्यात जाऊन ओकायची. आई खवळायची. "मेली हावरट! पोरांच्या तोंडचा घास खाते आणि वर घाण करून ठेवते!" लगेच खराटा, बादलीभर पाणी आणि फिनेल. आईला घाण क्षणभरही खपायची नाही.

एका सकाळी कुत्री ओकली आणि नेमकं त्याच वेळी नळाला पाणी आलं. आई हंडे भरायला धावली आणि कोपरा धुवायचा राहिला. ती परत येते तर सगळी पिल्लं त्या ओकारीवर तुटून पडलेली! धाकटं मधोमध घुसून मचमच खात होतं.

"ई! आई, हाकल ना त्यांना!" मी ओरडले.

आई खराटा घेऊन नुसती उभी. "थांब गं. भरवतेय ती त्यांना. मऊ करून." मग ती पायरीवर बसलीच. "आणि मी रोज धुऊन टाकत होते, अगं बाई!" तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून ताटली कुत्रीच्याच पुढ्यात जाऊ लागली. धाकट्यानं हळूहळू बाळसं धरलं. माझी किळस मात्र जाईना. तसं म्हटल्यावर आई फटकन म्हणाली, "तुला दात नव्हते तेव्हा भाकरी कोण चावून भरवत होतं गं?"

मला एकदम तिच्या कुशीत शिरावंसं वाटलं.