दर यूजरमागं एक ताट

आमच्या डेअरीतलं दूध सकाळ-संध्याकाळ टँकरनं निघून जातं, किस्से मात्र इथंच साठतात. दुधाला निदान थंड टाकी आहे, किस्से कुठं ठेवायचे? नळदुर्गला हायवेलगत आमची दूध संकलनाची डेअरी. मालक अण्णा, सत्तरीच्या घरातले. मी सविता, ऑफिस बघते. यंदाचे सगळे किस्से एका ॲपचे आहेत, आणि ते ॲप मीच बनवलं. त्यामुळं हसताना माझीच पंचाईत होते!

*

कोड न लिहिता ॲप बनवायचं सॉफ्टवेअर मला सापडलं. चौकोन ओढायचे, सोडायचे, झालं! कुणाचं दूध किती, फॅट किती, सगळं त्यात. अण्णा बघून खुर्चीतून उठलेच.

"पुण्याच्या कंपनीनं ह्याचंच लाखभर मागितलं हुतं! तुमचं किती झालं?"

"सध्या फुकट, अण्णा. माणसं थोडी असतील तोवर."

"फुकट" हा शब्द त्यांनी ऐकला. पुढचं वाक्य हायवेवरच्या ट्रकच्या आवाजात गेलं असावं. "सविताबाई, हे दिवाळीपतोर नीट चाललं, तर तामलवाडीचं नवं सेंटर तुमच्या हातात!"

मी घरी जाताना पेढे घेतले.

*

दूध मोजणारी पाच-सहा माणसं ॲपमध्ये घेऊ, असं मी म्हटलं. अण्णा दुखावले.

"मोजनाऱ्याला घ्याचं आन् दूध घालनाऱ्या मल्लप्पाला न्हाय? कसं दिसंल ते?"

मग लग्नाची आमंत्रणं काढावीत तशी नावं निघाली. दूध घालणारे सगळे. त्यांचे भाऊ. टँकरचा ड्रायव्हर. जनावरांचा डॉक्टर. समोरचा ढाबेवाला, ज्याच्याकडून आमच्याकडं दूध येत नाही, उलट जातं! शेवटी माजी सरपंच. त्यांच्या गोठ्यात तर शेळीसुद्धा नाही.

"त्यांचं ॲपमध्ये काय काम, अण्णा?"

"काम कशाला लागतंय? मान हाय त्यांचा!"

*

महिना संपला आणि बिल आलं. दर यूजरमागं, दर महिन्याला, डॉलरमध्ये, वर टॅक्स. मी रुपयांत हिशेब केला. पुन्हा केला. मग अण्णांच्या मुलाला, बसवराजला करायला लावला. आकडा तोच! तेवढ्यात महिन्याला एक दुभती म्हैस दावणीला आली असती.

अण्णांनी स्वतः कस्टमर केअरला फोन लावला. "अवो, ह्यातली निम्मी माणसं ॲप उघडतबी न्हायत!"

तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, उघडलं नाही तरी यूजर मोजला जातो."

"म्हंजे जेवाय आला न्हाय तरी ताटाचं पैसं?"

"हो, सर."

"यप्पा!" अण्णांनी फोन तसाच टेबलावर ठेवला. मुलगी बराच वेळ "सर, सर" करत होती.

*

यूजरचं निस्तरतोय, तोवर मेसेजचं बिल आलं. ॲपमधून गेलेला दूध-फॅटचा प्रत्येक मेसेज मोजला जातो, आणि महिन्याचा कोटा मधेच संपला होता. शोधलं तर एकाच नंबरवर मेसेजचा पाऊस! लोहाऱ्याचे शंकरप्पा. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आले तेव्हा मी विचारलं, "काका, 'पुन्हा पाठवा' बटन इतक्यांदा का दाबता?"

"पावन्यांना दाखवाया! कर्नाटकातनं व्याही आलेत. म्या म्हनलं, बगा, आमच्या म्हशीची फॅट फोनवर येती!"

"पण काका, किती वेळा?"

"व्याही लई हायत!"

*

बसवराज वडलांवर वैतागला. "अप्पा, बंद करा हे. आपला डेटा काढून घेऊ आन् सोडून देऊ."

मी डेटा काढायला गेले. स्क्रीनवर आलं की सगळा डेटा एकदम काढायची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे, आणि तो प्लॅन याहून महाग!

अण्णा माझ्याकडंच बघत राहिले. "दूध आमचं, म्हशी आमच्या, फॅट आमची. आन् घरी न्याचं म्हनलं तर आमालाच इकत?"

"ब्याड, ब्याड!" म्हणत ते बाहेर जाऊन उभे राहिले. अण्णा कानडीत नको म्हणतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं. मला तामलवाडी लांब जाताना दिसली.

*

एकच उपाय उरला. नावं कमी करायची. पहिल्या पाच-सहा माणसांत आलो की पुन्हा फुकट. बाकीच्यांना दुधाची चिठ्ठी मी व्हॉट्सॲपवर पाठवली असती. पण नाव काढायचं तर घरी जाऊन सांगायला हवं, असं अण्णांचं म्हणणं. सगळ्यात आधी ते मल्लप्पांकडं गेले. चहा झाला, चुरमुऱ्यांचा सुशीला झाला. दुपारी परत आले.

"काढायचं ना नाव?" मी विचारलं.

"व्हय... न्हाय. त्यांच्या जावयालाबी घ्या. समोरच बसला हुता, बिचारा."

*

दिवाळी तोंडावर आली. बसवराज माझ्यासमोरच बोलला, "अप्पा, तामलवाडी माझ्याकडं द्या. ह्यांच्या फुकटाच्या नादानं आपन बुडालो!" मला रडू आलं. मी फॅट मशीन पुसत बसले. ते आधीच स्वच्छ होतं.

अण्णांनी मशीन माझ्यासमोरून बाजूला सारलं. मग म्हणाले, "सविताबाई, ॲप उघडा. पयलं नाव माझं काढा."

"अण्णा, तुमचं?"

"मालकच ॲपमदी न्हाय म्हनल्यावर कोन रुसंल? काढा!"

मी बटन दाबलं. स्क्रीनवर आलं, ओनरचं नाव काढता येत नाही, आधी नवा ओनर निवडा. खाली यादी. बसवराज खुर्ची ओढून जवळ आला.

अण्णांनी चष्मा लावला. बोट यादीवर ठेवलं. मुलाच्या नावावर आलं, तिथून खाली सरकलं आणि एका नावावर टेकलं. मी स्क्रीन बघितली, अण्णांकडं बघितलं, परत स्क्रीन बघितली.

अण्णा चष्मा काढत म्हणाले, "बसवराज, तामलवाडीला रोज जायाचं म्हंजे बाईंना गाडी लागंल. तुजी स्कूटी दे."